पद्मिनीचा साज: क्रोम, पट्ट्या, रबर, छत, सीट. सुरुवात कुठून करावी?

चाळीतली_पद्मिनी

१९७४ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट. इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम झालंय, पत्र्याचं चालू आहे, रंग अजून मारायचाय. बाकीच्या साजाची आजची अवस्था अशी:

पुढचा बंपर सरळ आहे, पण दोन्ही टोकांना क्रोम उडून तांबूस गंज आलाय. दरवाजांच्या हँडलांवर बारीक फोड आहेत. बाजूच्या चकचकीत पट्ट्या पांढुरक्या, मळकट दिसतात. आत छताचं रेक्झिन लोंबतंय, चारही दरवाजांची पॅडं खालच्या बाजूने फुगलीत आणि पुढची अखंड सीट ड्रायव्हरच्या बाजूला पार बसलीये.

विचारायचंय ते असं. बंपरला पुन्हा क्रोम करावं की स्टेनलेसचा तयार बंपर आणावा? आधी रंग की आधी साज? आणि फेकू नये अशा मूळ वस्तू कोणत्या?

उद्यमनगर

बंपर सरळ असेल तर दुसरा विचारच करू नका, मूळचाच ठेवा. तयार मिळणारे स्टेनलेसचे बंपर बहुधा पातळ पत्र्याचे असतात आणि कोपऱ्याच्या वळणावर जोड असतो. मूळ बंपरची गोलाई प्रेसमध्ये दाबून आलेली आहे, ती हाताने वाकवलेल्या पत्र्याला येत नाही. शेजारी उभं राहून त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. मूळ बंपरवर ती रेघ सलग वाहते, नकलेवर जोडापाशी मोडते.

आता क्रोमबद्दल. चमक क्रोमची वाटते, पण गंजापासून वाचवतं ते खालचं निकेल. वरचा क्रोमचा थर जेमतेम ०.३ मायक्रॉनचा असतो. बाहेर, पावसात राहणाऱ्या वस्तूला निकेल किमान २५ ते ३० मायक्रॉन हवं. घाईच्या कामात ५-७ मायक्रॉन निकेल चढवून वर क्रोमचा हात मारतात. दुकानात दोन्ही सारखेच चमकतात. फरक पहिल्या पावसाळ्यानंतर कळतो, कारण पातळ निकेलला सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि त्यातून पाणी पोलादापर्यंत पोचतं.

कामाचा क्रम असा सांगा: जुना क्रोम-निकेल उतरवणं, गंजाचे खड्डे घासून काढणं, तांबं चढवणं, तांब्यावर बफिंग, उरलेल्या खड्ड्यांसाठी पुन्हा तांबं, पुन्हा बफिंग, मग निकेल, शेवटी क्रोम. खड्डा तांब्यात भरला नाही तर वर काहीही चढवा, तो दिसणारच. उलट जास्तच दिसतो, कारण चकचकीत पृष्ठभाग एकही दोष झाकत नाही.

बफिंग_व्हील

उद्यमनगर, +१. निकेलच्या जाडीची खात्री कशी करायची तेही सांगतो. चुंबकावर चालणारं जाडी मोजायचं यंत्र इथे फसतं, कारण निकेल स्वतःच चुंबकीय आहे आणि खालचं पोलादही. त्यापेक्षा १० × १० सेंमीचा साध्या पोलादाचा पातळ तुकडा घ्या, कोपऱ्यात भोक पाडा आणि बंपरसोबतच टाकीत टांगायला सांगा. तांबं झाल्यावर सोनाराच्या काट्यावर वजन करा, निकेल झाल्यावर परत करा. दोन्ही बाजू मिळून २०० चौ. सेंमी होतात. निकेलची घनता ८.९ धरली तर २५ मायक्रॉनला साधारण ४.४ ग्रॅम वजन वाढायला हवं. दीड ग्रॅमच वाढलं तर थर ८ मायक्रॉनच्या आसपास आहे, मग ते काम घेऊ नका.

तुकडा बंपरच्या मधल्या भागाजवळ टांगा. टोकांना विजेचा प्रवाह जास्त मिळतो, तिथे थर आपोआप जाड बसतो आणि वजन फसवं येतं. शेवटी तोच तुकडा पकडीत धरून काटकोनात वाकवा. पापुद्रा सुटला तर खालची सफाई नीट झालेली नाही.

खारा_वारा

सगळे बंपरच्या दर्शनी बाजूबद्दल बोलताहेत. रत्नागिरीपासून मालवणपर्यंत किनाऱ्यावर बंपर मरतो तो मागून. कारण बफिंग_व्हील यांनी सांगितलेल्या टाकीतच आहे: बंपरच्या आतल्या पोकळीत प्रवाह पोचत नाही, त्यामुळे मागे निकेल जवळजवळ बसतच नाही. चिखल तिथे साठतो, खारी हवा लागते, आतून गंज फुगतो आणि कडेवरून पुढे येतो. या धाग्यातल्या बंपरची टोकं गेलीत त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

प्लेटिंग करून आल्यावर मागची बाजू १८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरडा, थिनरने पुसा, झिंकयुक्त प्रायमरचे दोन हात आणि त्यावर ॲल्युमिनियम रंग मारा. दर्शनी कडेपासून ३-४ मिमी आत मास्किंग टेप लावून घ्या. बंपर आणि ब्रॅकेटच्या मध्ये रबराचा वॉशर हवाच, नाहीतर बोल्ट आवळताना तिथलं प्लेटिंग चिरडतं आणि गंजाची सुरुवात तिथून होते.

गॅरेज_नंबर_७

एवढा खटाटोप कशाला? हल्ली स्प्रेने क्रोमसारखा रंग मिळतो, क्रोम विनाइलही मिळतं. दोन दिवसांत काम होतं. उरलेला पैसा इंजिनात घाला.

उद्यमनगर

@गॅरेज_नंबर_७, आतल्या प्लॅस्टिकच्या नॉबला किंवा रेडिओच्या चौकटीला स्प्रे चालेल. बंपरला नाही. स्प्रेची चमक वरच्या क्लिअर कोटवर अवलंबून असते. दगडाचा टवका उडाला की पाणी कोटाच्या खाली शिरतं आणि चमक काळी पडत जाते. विनाइल तर बंपरच्या दुहेरी वळणावर ताणलं की पांढरट होतं, कडेला सुटतं आणि खालचा गंज झाकून वाढवतं. गंजलेल्या पोलादावर ओलं फडकं बांधून ठेवावं, तसलाच प्रकार.

चाळीतली_पद्मिनी

बंपरचं ठरलं, मूळचाच. मागच्या बाजूचं खरंच ध्यानात आलं नव्हतं. आज बंपर उलटा करून पाहिला, आत बोटभर सुकलेली माती निघाली. आता हँडलं आणि पट्ट्या?

बफिंग_व्हील

हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. कारागीर त्याला मझॅक म्हणतात. जस्तावरच्या क्रोमला छिद्र पडलं की आत जस्त गंजून पांढरी भुकटी होते, भुकटीला जागा जास्त लागते आणि वरचं प्लेटिंग फोडासारखं उचललं जातं. फोड म्हणजे वरचा डाग नव्हे, खाली खड्डा तयार झालेला आहे.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, बंपरच्याच ॲसिडच्या टाकीत हँडल टाकलं जातं. ॲसिड जस्त खातं, अर्धा तास विसरलात तर हँडलची धार गोल होऊन येईल. दुसरी, सरळ ॲसिड-कॉपरमध्ये टाकतात. जस्ताला आधी सायनाइड-कॉपरचा पातळ थर लागतो, त्यानंतरच बाकीचं तांबं. म्हणून काम देताना ‘मझॅक आहे’ हे तोंडी सांगा आणि चिठ्ठीवर लिहूनही द्या. तिसरी चूक, खड्डे सपाट होईपर्यंत सगळं हँडल घासणं. त्याने कोर आणि अक्षरं जातात. बारीक गोल बरने एकेक खड्डा भुकटी संपेपर्यंत उघडा, पहिलं तांबं चढल्यावर खड्ड्यात कथलाचं डागकाम (सोल्डरिंग) करून घ्या, बारीक कानशीने सपाट करा आणि मग जाड तांबं चढवा. सोल्डर १९० अंशांच्या आसपास वितळतं, मझॅक ३८०च्या पुढे, त्यामुळे हात सावध असेल तर धोका नाही.

आणि हे टाकीकाम घरी करू नका. क्रोमिक ॲसिडची वाफ कर्करोगाला कारण ठरते, सायनाइडबद्दल सांगायलाच नको. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेल्या कारखान्यातच द्या. सांडपाणी गटारात सोडणाऱ्याला काम देणं म्हणजे आपल्या गाडीसाठी दुसऱ्याच्या विहिरीत विष घालणं.

दोन_प्रोब

पट्ट्यांना हात लावण्याआधी त्या कशाच्या आहेत ते ठरवा. फियाटच्या इतक्या वर्षांच्या गाड्यांवर नंतर बसवलेल्या पट्ट्यांचीही सरमिसळ झालेली असते.

मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि दोन्ही प्रोब पट्टीच्या दर्शनी बाजूवर अलगद टेकवा, ओरखडू नका. प्रवाह जात नसेल तर ते ॲनोडाइज केलेलं ॲल्युमिनियम. वर ऑक्साइडचा थर असतो, तो वीज वाहू देत नाही. प्रवाह गेला तर स्टेनलेस किंवा क्रोम चढवलेलं पोलाद. मग पट्टी उलटी करा. मागे तपकिरी गंज असेल तर क्रोम, मागची-पुढची बाजू एकाच रंगाची असेल तर स्टेनलेस.

चुंबकावर विसंबू नका. ‘चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही’ हे चूक आहे. गाड्यांच्या पट्ट्यांना ४३० ग्रेड खूप वापरतात, त्याला चुंबक मस्त चिकटतो. ३०४ला चिकटत नाही.

पांढुरक्या, मळकट म्हणताय म्हणजे बहुतेक ॲल्युमिनियम. त्यावर नुसतं बफिंग काही करणार नाही, कारण ऑक्साइडचा थर काचेसारखा कडक असतो. आधी तो थर उतरवा: प्लॅस्टिकच्या टबात लिटरला ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा, सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात नाही. जाड रबरी हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. पट्टी दोन-तीन मिनिटं बुडवा. सगळीकडून सारखे बुडबुडे आले की थर गेला. लगेच काढून भरपूर पाण्याने धुवा. वरची काळी काजळी पातळ नायट्रिक ॲसिडने निघते. मग ४००, ६००, ८००, १२०० असे पेपर, नंतर सुती चाकावर पॉलिश आणि शेवटी पुन्हा ॲनोडाइझिंग, ८-१० मायक्रॉन. ते टाळून नुसतं पॉलिश ठेवलं तर एका पावसाळ्यात डाग धरतात.

पट्टीला पोलादाची क्लिप किंवा मझॅकचं टोक असेल तर कॉस्टिकआधी काढा.

कट्टा_मेंबर

वाचनखूण साठवली. मल्टिमीटरची युक्ती भारीच.

खारा_वारा

दोन_प्रोब, एक भर. धुण्याचा सोडा किंवा भांड्यांची कडक पावडर ॲनोडाइज केलेल्या पट्टीवर कधीच नको, तीही अल्कलीच. क्रोमवर धातू पॉलिश करायचं लाल-पांढरं मलम दर रविवारी घासू नका, ०.३ मायक्रॉन किती दिवस पुरणार? साधं मेण पुरे. बारीक गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा येत नाही.

पट्टी बसवताना बॉडीवरच्या प्रत्येक क्लिपच्या भोकाची कड उघडा पत्रा असते. रंगाआधी भोकात ब्रशने इपॉक्सी प्रायमर, रंगानंतर परत एक हात, आणि क्लिपखाली ब्यूटिल टेपचा चिमूटभर गोळा. पट्टीखालून गंजाचे ओघळ निघालेली गाडी ओळखीची असेल. ते ओघळ पट्टीचे नसतात, भोकाचे असतात.

आणि स्प्रिंगच्या क्लिपांना ‘सोबत करून टाका’ म्हणून प्लेटिंगला देऊ नका. टाकीतला हायड्रोजन स्प्रिंग-पोलादात शिरतो, क्लिप ठिसूळ होते आणि बसवताना तट्कन तुटते.

जुना_बाजार_रविवार

नावाच्या अक्षरांचं राहिलं. मोनोग्रामच्या मागच्या पिना मझॅकच्याच असतात. स्पीड नट एक फेरा जास्त आवळला की पिन गेली. तुटली असेल तर अक्षर टाकू नका. मागे २ मिमीचं आंधळं भोक, खोली दीड-दोन मिमी, त्यात पितळी तारेची पिन आणि दोन नळ्यांचं इपॉक्सी. ड्रिलला टेपची खूण लावा, नाहीतर बिट पुढून बाहेर येईल.

सुटे भाग शोधायला मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. जाताना व्हर्नियर, मल्टिमीटर आणि जुन्या भागाचा कागदी छाप न्या. फोटोवरून घेतलेलं हँडल हमखास वेगळ्या अंतराच्या भोकांचं निघतं.

मिरजकर७१

कुर्ल्यात बनलेल्या गाडीचा साज कुर्ल्यातच शोधायचा, छान योग आहे. टॅक्सीच्या भंगारातून अजून काही मिळतं का?

जुना_बाजार_रविवार

आता कमी. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, म्हणजे ऑक्टोबर २०२३मध्ये काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची हटली. पत्र्याचे भाग, काचेच्या यंत्रणा, सीटचे सांगाडे अजून निघतात. साजाचं सामान मात्र टॅक्सीत आधीच झिजलेलं किंवा बदललेलं असायचं. त्यांच्या सीटचा सांगाडा घ्यायचा तर स्प्रिंगच्या कड्या मोजून घ्या.

मिरजकर७१

आणि डुक्कर फियाटचे भाग पद्मिनीला चालतात का? आमच्याकडे एका वाड्यात डुक्कर पडून आहे.

तुरिनहून

साजाचे जवळजवळ नाहीच. ज्याला आपण डुक्कर म्हणतो ती ११००-१०३. तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, उलटे उघडणारे. त्यामुळे दरवाजाची रबरं, पॅडं, हँडलं सगळंच वेगळं. पद्मिनी आली ती ११०० डीच्या वंशातून: इटलीत १९६२ ते १९६६, कुर्ल्यात १९६४पासून डिलाइट, १९७२ला प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी. वाड्यातली डुक्कर कृपा करून भागांसाठी फोडू नका, ती आख्खी उभी राहायला हवी.

तुरिन हे फियाटचं मूळ गाव (नावातला शेवटचा ‘टी’ याच गावाचा), त्यामुळे इथे ११०० डीची रबरं आणि बारीकसारीक साज नव्याने बनवलेला मिळतो. पण एक सावधगिरी. भारतात ती गाडी पुढे तीसेक वर्षं बनत राहिली आणि ग्रिल, दिवे, डॅशबोर्ड बदलत गेले. काचेची रबरं मागवण्याआधी जुन्या रबराचा आडवा छेद कापून मिलिमीटरच्या कागदावर ठेवून फोटो काढा: काचेची खाच किती, पत्र्याची खाच किती, मधली भिंत किती. या तीन आकड्यांवर मागवा, मॉडेलच्या नावावर नको. इंजिनही लक्षात ठेवा, इटालियन डी १२२१ सीसी, आपली १०८९. तिकडच्या पुस्तकातलं सगळं आपल्याला लागू होत नाही.

काच_आणि_दोरी

रबराचा विषय निघालाच आहे तर पुढची काच बसवण्याबद्दल लिहितो. इथेच नवा रंग आणि नवी काच दोन्ही जातात.

रबर आधी तासभर उन्हात ठेवा, मऊ होतं. गाडीवर नाही, काचेवर चढवा. चकचकीत बीडिंग रबरातच बसणारी असेल तर ती काच बॉडीला लावण्याआधी घाला, नंतर रबर दाबलेलं असतं आणि बीडिंग वाकते. पत्र्याच्या खाचेत ३-४ मिमीची नायलॉन दोरी सगळीकडून फिरवा, टोकं खालच्या मध्यावर एकमेकांवर २० सेंमी ओलांडून आत सोडा. खाचेला साबणाचं पाणी. तेल, ग्रीस, पेट्रोल काही नको, रबर फुगतं. बाहेरून एकाने दोन्ही तळव्यांनी दाबायचं आणि आतून दुसऱ्याने दोरी काचेला समांतर, हळूहळू ओढायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटतो. आधी खालची कड, मग बाजू, शेवटी वर. कोपऱ्यात अडलं तर थांबा, परत साबण. मुठीने ठोकलं की लॅमिनेटेड काचेला कडेपासून तडा जातो.

दरवाजाचं रबर पोकळ किंवा स्पंजचं, ईपीडीएम या कृत्रिम रबराचं घ्या. भरीव घेतलं तर दरवाजा आपटावा लागतो आणि महिन्याभरात बिजागरीची रेषा बिघडते. मीटरला १० मिमी जास्तीचं कापा, ताणून कधीच लावू नका, ते आकसतं आणि कोपरा सुटतो. जोड वरच्या बाजूला ठेवा, खाली पाणी साचतं. मग कागदाची पट्टी ठेवून दरवाजा लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडत-अडत निघाली पाहिजे.

सुई_नंबर_१८

आता आतलं. छताचं आधी, कारण काच_आणि_दोरी यांचं काम त्यानंतर येतं. छताच्या रेक्झिनची कड पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखाली दबते. आधी काच लावली तर कड बाहेर राहते आणि नुसत्या गोंदावर टिकत नाही.

जुनं छत उतरवताना फाडू नका, तोच नमुना आहे. रेक्झिन ज्यांवर ताणलेलं असतं त्या आडव्या तारांना पुढून मागे नंबर द्या, प्रत्येक तार थोड्या वेगळ्या कमानीची असते. ती बाजूच्या पट्टीच्या कुठल्या भोकात होती त्याचीही खूण करा. तारा घासून, प्रायमर आणि रंग देऊन पूर्ण वाळवा. हे टाळलं तर पहिल्याच दमट महिन्यात पांढऱ्या छतावर तपकिरी आडव्या रेघा उमटतात.

नव्या छताच्या नळ्या, म्हणजे ज्यात तार जाते त्या पट्ट्या, दोन्ही टोकांना ४-५ सेंमी उसवा. नाहीतर कापड बाजूला खाली येत नाही आणि चुण्या पडतात. मधल्या तारेपासून सुरुवात, मग एक पुढची, एक मागची. पुढे-मागे ताण आधी, बाजूचा ताण नंतर. सुरुवातीला फक्त कपड्यांचे चिमटे लावा. गाडी दोन तास उन्हात ठेवा, रेक्झिन सैल पडेल, पुन्हा ओढा, मग गोंद. दिव्याचं आणि आरशाचं भोक सगळ्यात शेवटी, आणि भोक पाडायचं नाही, फुलीसारखी छोटी चीर द्यायची.

सीटबद्दल थोड्या वेळाने लिहिते, पोस्ट लांबतेय.

वऱ्हाडी_ऊन

ताई, गोंदाबद्दल मी लिहितो, आमच्याकडे मे महिन्यात बंद गाडीतलं तापमान ६० अंशांच्या वर सहज जातं. साधा चपलेचा गोंद तिथे मऊ होतो आणि ताणलेलं रेक्झिन सुटतं. त्यात रेक्झिनला मऊ ठेवण्यासाठी घातलेलं तेल उष्णतेने पाझरतं आणि गोंदाला आणखी पातळ करतं. उष्णता सहन करणारा निओप्रीनचा कॉन्टॅक्ट गोंद घ्या आणि मागे कापडाचा थर असलेलंच रेक्झिन घ्या. गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोट लावल्यावर चिकटणार नाही इतका सुकू द्या, साधारण १०-१५ मिनिटं, आणि मगच दाबा. ओला असताना चिकटवला तर थिनर आत कोंडतो आणि दुसऱ्या दिवशी फुगे दिसतात. पावसाळी दमट दिवशी गोंदावर पांढुरकी साय येते, त्या दिवशी काम थांबवा.

सुई_नंबर_१८

वऱ्हाडी दादा, अगदी बरोबर. आता दरवाजाची पॅडं आणि सीट.

पॅड फुगतं त्याचा दोष पॅडचा नाही. काचेबरोबर पाणी दरवाजाच्या आत जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. आधी ती भोकं तारेने मोकळी करा. मग पत्रा आणि पॅडच्या मध्ये ४०० गेजची प्लॅस्टिक शीट लावा, आणि तिची खालची कड दरवाजाच्या *आत* वळवा, म्हणजे ओघळ आतच पडतो. बहुतेक गाड्यांतली ही शीट काच-यंत्रणा दुरुस्त करताना फाडून फेकलेली असते. नवा हार्डबोर्ड ३ मिमीचा, जुन्यावर ठेवून कापलेला. दोन्ही बाजू, कडा आणि क्लिपच्या भोकांच्या आतून पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन हात. रेक्झिन मागे २० मिमी वळवा. स्टेपल ६ मिमीची वापरू नका, ३ मिमीच्या बोर्डातून पुढे येते.

सीट: जुनं कव्हर शिवणीतून उसवा, कापू नका. उसवण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंना दर १० सेंमीवर पेनाने आडव्या खुणा करा, नवं शिवताना त्या जुळल्या की पायपिंग फिरत नाही. शिवणीला १२ मिमी माया. सुई १८ नंबर, धागा पॉलिएस्टरचा, सुती धागा दमट हवेत कुजतो. इंचाला सहा-सात टाके. नाजूक दिसावं म्हणून दहा-बारा घेतले तर रेक्झिनला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि पहिल्याच जाड माणसाखाली तिथूनच फाटतं. दोन्ही सीट आणि चार पॅडांना ५४ इंच पन्ह्याचं साधारण १० मीटर लागेल, सगळं एकाच तागातून घ्या. दुसऱ्या तागाचा रंग उन्हात वेगळा दिसतो.

सीट बसलीये म्हणालात, तर आधी तुटलेल्या कड्या बदला. स्प्रिंगवर गोणपाट ताणून बांधा, त्यावर रबर लावलेल्या काथ्याचा इंचभर थर, त्यावर ४० डेन्सिटीचा इंचभर फोम, वर ६ मिमीचा पातळ स्पंज. पाठीला ३२ डेन्सिटी पुरे. गोणपाट आणि काथ्या वगळून स्प्रिंगवर सरळ फोम ठेवला तर स्प्रिंग करवतीसारखी फोम कापत जाते. आणि जाड फोम घालून सीट उंच करू नका, स्टिअरिंग मांडीला लागतं आणि मूळची बसकी, आरामशीर ठेवण जाते.

कट्टा_मेंबर

धाग्यात धाग्याचीही माहिती आली, आता हा धागा खरा पूर्ण झाला!

गॅरेज_नंबर_७

ताईंचं वाचून माझं मत बदललं. काथ्याच्या जागी आम्ही सर्रास फोमच भरतो, आणि त्या सीट दोन वर्षांत परत येतात ते खरं.

खालच्या मॅटबद्दल माझी भर. ज्यूटचं नमदं घालू नका, ते पाणी धरून ठेवतं आणि फ्लोअर खालून नाही, वरून सडतो. बंद पेशींचा फोम घाला, त्यावर रबरी मॅट. जुनी डांबराची शीट हीट गनने गरम करून पत्र्याच्या पट्टीने काढा, खाली गंज असतोच.

स्टिअरिंग_वेडा

स्टिअरिंगच्या चक्राला भेगा असतील तर एनसी पुटी (रंगाआधी बारीक खड्डे भरायची तयार लांबी) भरू नका. आतली पोलादी सळई आणि वरचं प्लॅस्टिक उन्हात वेगवेगळं फुगतं, पुटी परत फुटते. भेग व्ही आकारात सळईपर्यंत उघडा, सळईवरचा गंज काढा, दोन भागांचं कडक इपॉक्सी थोडं उंच भरा, २४ तास ठेवा. मग १२०, २४०, ४०० पेपर, इपॉक्सी प्रायमर आणि २के (हार्डनर मिसळायचा) रंग. हॉर्नची रिंग प्लेटिंगला हँडलांसोबत द्या, पण आधी तिचे विजेचे संपर्क काढून ठेवा.

आरटीओ_माहितगार

थोडं विषयाला सोडून, पण उपयोगाचं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नूतनीकरण ५,००० रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. मात्र मग ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल एवढ्यासाठीच. १९७४ची आहे म्हणजे तुम्ही पात्रतेत येता. म्हणून प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा, उतरवलेले मूळ भाग लेबल लावून ठेवा.

उद्यमनगर

मूळ प्रश्नाकडे येतो: आधी रंग की आधी साज? दोन्ही. साज एकदा रंगाआधी *लावून बघायचा* आणि रंगानंतर *बसवायचा*. प्लेटिंगहून आलेला बंपर, हँडलं, पट्ट्या आणि नवी रबरं प्रायमरच्या अवस्थेत लावा, दरवाजे लावून बघा. बंपरची भोकं अर्धा सूतही सरकली असतील तर कानस तेव्हाच चालवायची, नव्या रंगावर नाही. मग सगळं उतरवा, रंग मारा, पूर्ण वाळू द्या. नंतर फ्लोअरची शीट, वायरिंग, छत, काचा, दरवाजांचं प्लॅस्टिक, पॅडं, मॅट, सीट. बाहेरचा साज सगळ्यात शेवटी, बंपर त्याच्याही शेवटी.

चाळीतली_पद्मिनी

सर्वांचे मनापासून आभार. काल मल्टिमीटर लावला: बाजूच्या पट्ट्या ॲल्युमिनियम निघाल्या, पण डाव्या मागच्या दरवाजाची एकच पट्टी वीज वाहू देते आणि मागून तपकिरी आहे. म्हणजे ती कधीतरी बदललेली. चारही दरवाजांत प्लॅस्टिक शीट नाहीच, आणि खालची भोकं रंगाने बुजलेली. बंपर आणि १० × १० चा तुकडा सोमवारी प्लेटिंगला जातोय, हँडलांच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात मझॅक लिहिलंय.

एकच राहिलं: ती क्रोमची एकटी पट्टी पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमशेजारी शोभेल का?

दोन_प्रोब

नाही. क्रोम निळसर दिसतं, ॲल्युमिनियम दुधाळ पांढरं. संध्याकाळच्या उन्हात तर लगेच डोळ्यात भरतं. जुन्या बाजारात ॲल्युमिनियमची पट्टी शोधा, लांबी आणि क्लिपच्या खाचेची रुंदी मोजून न्या. आणि सापडली की पाचही... म्हणजे जेवढ्या आहेत तेवढ्या सगळ्या पट्ट्या एकाच वेळी, एकाच टाकीत ॲनोडाइझिंगला द्या. वेगवेगळ्या दिवशी केल्या तर छटा जुळत नाही.

जुना_बाजार_रविवार

मागच्या डाव्या दरवाजाची ना? कागदी छाप आणि लांबी इथे टाका. रविवारी बघतो.